निशाणी नांगर, निशाणी अंगठा

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा आणि निवांत वाचा. सोलापूरकरांनी तर नक्कीच.

सप्टेंबर उजाडला की ८ तारखेच्या जागतिक साक्षरता दिनाच्या प्रेसनोट आमच्या टेबलावर यायला लागतात. प्रभातफेरी, घोषवाक्य स्पर्धा, मान्यवरांचे मार्गदर्शन. गेली वीसेक वर्षं मी त्या तीन ओळीत उरकतोय. या वेळी मात्र ठरवलं, साक्षरतेवर लिहायचं तर भाषणातल्या साक्षरतेवर नको, कागदावरच्या साक्षरतेवर लिहू. म्हणजे सातबारा, कर्जखत, हजेरीपट, पासबुक, रेशनकार्ड यांच्यावर. कारण लिहिता-वाचता न येण्याची किंमत माणसानं मोजली ती याच कागदांवर.

जुन्या काळापासून सुरू करतो. शिवकाळातले आणि पेशवाईतले महजर, करारमदार कधी छापील पुस्तकात वाचलेत का? शेवटी साक्षीदारांची रांग असते. त्यात गावच्या पाटलाच्या नावापुढे बऱ्याचदा लिहिलेलं असतं, 'निशाणी नांगर', आणि तिथं छोटासा नांगर काढलेला असतो. शेट्याची निशाणी तराजू. बलुतेदारांची निशाणी म्हणजे ज्याचं त्याचं हत्यार. पाटील म्हणजे गावचा धनी, मानपानाचा पहिला हक्कदार, पण बहुतेकांना अक्षर येत नसे आणि त्याची कुणाला लाजही वाटत नसे. नांगर ही त्याची ओळख होती. अक्षर कुलकर्ण्याकडं. म्हणजे गाव पाटलाचं आणि गावाचा कागद कुलकर्ण्याचा. या एका वाटणीत आपल्या खेड्यांचा निम्मा इतिहास आहे असं माझं मत आहे, कुणाला पटो न पटो.

जोपर्यंत भांडण गावात, गोतसभेत, चार माणसांच्या तोंडी सुटत होतं तोपर्यंत नांगराच्या निशाणीनं भागलं. इंग्रजांचं राज्य आलं आणि कोर्ट आलं. कोर्टात तोंडी शब्दाला किंमत नाही, कागदाला आहे. कागद काय म्हणतो, तेवढंच. शेतकरी म्हणतो, मी पन्नास घेतले. कागद म्हणतो, दोनशे. न्यायाधीश कागद वाचणार. आणि तो कागद लिहिला कुणी? सावकारानं. वाचून दाखवला कुणी? तोही सावकारानंच. शेतकऱ्यानं फक्त खाली निशाणी केली.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्या दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळला, त्यात शेतसाऱ्याची फेरआकारणी वाढीव. कर्ज मात्र कागदावर वाढतच राहिलं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले. ते दंगे म्हणजे 'दख्खनचे दंगे'. पुणे आणि नगर जिल्ह्यात पसरले. यातली एक गोष्ट मला कायम विचार करायला लावते. दंगेखोरांनी मुख्यतः कागद मागितले. कर्जखतं, रोखे, चोपड्या. मिळाले की जाळले. सावकार देत असेल तर बऱ्याच ठिकाणी त्याला हातही लावला नाही. ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं त्या माणसांना नेमकं कळलं होतं की आपला वैरी माणूस कमी, कागद जास्त आहे.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा आला. आता सोलापूरकरांनी कान देऊन ऐकावं. हा कायदा सुरुवातीला चारच जिल्ह्यांना लागू झाला. पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपलं सोलापूर. त्या कायद्यात बाकी बरंच आहे, पण मला महत्त्वाची वाटतात ती ही कलमं. शेतकऱ्यानं करून दिलेला दस्त कोर्टात चालायचा असेल तर तो सरकारनं नेमलेल्या ग्राम निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिलेला पाहिजे, आणि त्यानं तो शेतकऱ्याला समजावून दिलेला पाहिजे. शेतकऱ्यानं पैसे भरले की लेखी पावती मागायचा त्याला हक्क. वर्षाला हिशेबाचा उतारा मागायचा हक्क. पासबुक मागायचा हक्क. आणि न्यायाधीशानं नुसतं खत बघून निकाल द्यायचा नाही, व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासायचा.

म्हणजे बघा, हा कायदा वरवर कर्जाचा. पण आत डोकावलं तर तो निरक्षरतेचा कायदा आहे. 'हा माणूस वाचू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी वाचलं पाहिजे,' हे सरकारनं कायद्यात मान्य केलं. फक्त त्याला वाचायला शिकवावं हे मान्य केलं नाही. तीनच वर्षांनी, १८८२ साली, हंटर आयोगापुढं निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी हेच बोट ठेवलं. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही त्यांची मागणी. फुले नुसती मागणी करून थांबणारे नव्हते. १८४८ ला मुलींची शाळा तर सगळ्यांना माहिती असते, पण १८५५ साली त्यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा चालवली, ती फारशी कुणी सांगत नाही. दिवसभर राबून आलेल्या मोठ्या माणसांची शाळा. प्रौढ साक्षरता म्हणतात ती हीच की.

कायद्याचं पुढं काय झालं? सावकारानं वाट काढली. कर्जरोखा लिहिला तर कायदा आडवा येतो ना, मग रोखा लिहायचाच नाही. सरळ खरेदीखत लिहायचं. आतून ठरलेलं असतं, पैसे फेडलेस की जमीन परत. कागदावर मात्र जमीन विकलेली. पुढे कायद्यात दुरुस्ती करावी लागली की असलं खरेदीखत खरंतर गहाण आहे का हे कोर्टानं बघावं. आणि ही गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देऊ नका. २०१४ साली महाराष्ट्रात नवा सावकारी नियमन कायदा करावा लागला आणि त्यातही सावकारीतून बळकावलेली जमीन परत देण्याची तरतूद घालावी लागली. तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या कार्यालयात जाऊन बसा एखाद्या दिवशी. 'नुसती सही कर म्हणले, केली' हे वाक्य मी तिथं इतक्यांदा ऐकलंय की त्याची बातमी होत नाही आता.

आता अंगठ्याकडं येतो. नांगराची जागा अंगठ्यानं कधी घेतली? बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. १८५८ साली त्यानं खडीचा पुरवठा करणाऱ्या राज्यधर कोनाई नावाच्या माणसाकडून करारावर अख्ख्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. कोनाईनं नंतर 'ही माझी सही नाही' म्हणू नये, एवढाच हेतू. हळूहळू हर्शेलला कळलं की बोटाच्या रेषा बदलत नाहीत. १८७७ पासून त्यानं हुगळीत पेन्शन आणि दस्तनोंदणीला बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. १८९७ ला कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. त्या ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी माणसांचा मोठा वाटा होता, नाव मात्र साहेबाचं झालं. ते असो.

नांगर आणि अंगठा यात फरक काय? नांगर सांगतो, मी शेतकरी. तराजू सांगतो, मी व्यापारी. अंगठा एवढंच सांगतो की हा माणूस पळून जाऊ नये. नांगराच्या निशाणीला मान होता, अंगठ्याला संशय चिकटला. आणि हा संशय सगळ्यात जास्त कुणाच्या वाट्याला आला ते बघायला सोलापूर सोडून बाहेर जायला नको.

सेटलमेंट. रिक्षावाल्याला 'सेटलमेंटला सोड' म्हणतो आपण, पण नव्या पोरांना विचारलं तर नाव कशावरून पडलं ते माहीत नसतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९११ ला कायदा सुधारला आणि या लोकांच्या बोटांचे ठसे नोंदवून ठेवायचा अधिकार सरकारला मिळाला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत बसवली, पुढे ती चालवायला अमेरिकन मराठी मिशनकडं दिली. आतली माणसं गिरणीत कामाला जायची. ठरल्या वेळी हजेरी. बाहेर जायचं तर पास. पासवर काय लिहिलंय ते पास बाळगणाऱ्याला वाचता येत नाही, पण नाक्यावरच्या शिपायाला येतं. विचार करा, तुमच्या खिशात तुमच्याबद्दलचा कागद आहे आणि तो तुम्हाला सोडून सगळ्यांना वाचता येतो.

आणि गंमत म्हणा, थट्टा म्हणा, या कुंपणाच्या आत मुलांना शाळा सक्तीची होती. बाहेरच्या हिंदुस्थानात काय चाललं होतं? नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. स्वतंत्र माणसाच्या पोराला शाळा सक्तीची करायला सरकारकडं पैसा नव्हता. कुंपणातल्या पोराला होती. कारण हेतू वेगळा होता, 'सुधारणा' करायची होती. तरी मी म्हणेन, अक्षर कुणी कुठल्या हेतूनं दिलं हे अक्षराला कळत नाही. ते एकदा हातात आलं की आपल्या वाटेनं जातं. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर या जमाती विमुक्त झाल्या. नंतर याच भटक्या-विमुक्त समाजांतून जे लेखन आलं त्यानं मराठीला हादरवलं. लक्ष्मण मानेंचं 'उपरा' १९८० चं, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ चं. दोघांनाही साहित्य अकादमी मिळाला. ज्यांची नोंद फक्त पोलिसांच्या वहीत व्हायची, त्यांनी स्वतःची नोंद स्वतः केली.

सोलापूरचीच आणखी एक तारीख, ४ जानेवारी १९२५. डॉ. आंबेडकरांनी आदल्या वर्षी, जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली होती. त्या सभेनं विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं ते आपल्या सोलापुरात. मुंबईत नाही, पुण्यात नाही. कामाची जबाबदारी जिवाप्पा ऐदाळे यांच्याकडं होती, जे पुढं १९३७ ला मुंबई विधानसभेवर निवडून गेले. खेड्यातलं पोर चौथी शिकेल कसंतरी, पण हायस्कूल शहरात, आणि शहरात त्याला खोली देणार कोण? शाळा काढून भागत नाही, मुक्कामाची सोय लागते, हे ज्यांना कळलं त्यांनीच खरं शिक्षण पसरवलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तेच ओळखलं, बार्शीत मामासाहेब जगदाळ्यांनी तेच केलं. २०२५ च्या जानेवारीत या वसतिगृहाला शंभर वर्षं झाली. आपल्यापैकी किती जणांच्या स्टेटसला होतं? माझ्या पाहण्यात तरी दोन-तीनच.

अक्षराची दुसरी ताकदही या शहरानं दाखवली. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चार जणांना फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. चार हुतात्मा चौकातून रोज जातो आपण. यातले कुर्बान हुसेन हे ऐन विशीतले पोरगे, आणि 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवणारे. गिरणगावात वर्तमानपत्र विकत घेणारा एक आणि ऐकणारे वीस असायचे. म्हणून पेपरचा खप बघून त्याची ताकद कळायची नाही, सरकारला मात्र बरोब्बर कळली होती.

आता गोदूताईंकडं येतो, कारण तिथून थेट आजच्या सोलापुरात येता येतं.

कुंभारीजवळ विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. दहा हजार घरं, २००६ च्या सुमाराला झाली. आडम मास्तरांच्या पाठपुराव्यातून. त्याच बाजूला नंतर रे नगर झालं, तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. पण गोदूताई कोण? वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या, एवढं लोकांना माहिती असतं. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचं पुस्तक अनेकांनी वाचलंय. पण त्याआधीच्या गोदावरी गोखले, पुण्याच्या, कायदा शिकलेल्या, भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य. १९३७-३८ च्या आसपास त्यांनी मुंबईत प्रौढ साक्षरतेची मोहीम चालवली होती. महाराष्ट्रातल्या सगळ्यात आधीच्या मोहिमांपैकी ती एक. नंतर घरकामगार बायकांची संघटना, मग किसान सभा, मग १९४५ चा वारल्यांचा उठाव. म्हणजे अक्षरापासून निघालेली बाई वेठबिगारीपर्यंत पोचली. मला वाटतं हा रस्ता सरळ आहे. माणसाला वाचायला शिकवायला बसलं की पहिल्या आठवड्यातच कळतं, याच्याकडं वाचायला वेळ का नाही.

तर त्यांच्या नावाच्या वसाहतीत राहणाऱ्या बायका. विडी कारखान्यातून पान, तंबाखू, दोरा आणायचा, घरी वळायचं, हजार विड्या मोजून परत द्यायच्या. पंचवीसची जुडी, चाळीस जुड्यांचे हजार. हा हिशेब तोंडावर. पान कमी आलं तर हाताला वजन कळतं. असल्या बाईला अडाणी म्हणायची माझी तरी हिंमत नाही. पण कार्डावर आज किती विड्या लिहिल्या, किती खराब म्हणून बाजूला काढल्या, पीएफ किती कापला, ते तिला वाचता येत नाही. १९६६ ला विडी-सिगार कामगार कायदा आला, १९७६ ला कल्याण निधीचा कायदा आला. हक्क सगळे आहेत, आणि सगळे कागदावर आहेत.

आमच्या मागच्या गल्लीत एक मावशी आहेत, पन्नाशी उलटलेल्या, जन्म विडी वळण्यात गेलेला. एकदा पेन्शनचा फॉर्म घेऊन माझ्याकडं आल्या. सही ठसठशीत केली. मी म्हटलं, "मावशी, वर काय लिहिलंय ते वाचलंव का?" तर हसल्या. "सही येती ओ मला, वाचाय कुठं येतंय." नव्वदच्या दशकात साक्षरता वर्ग निघाले होते तेव्हा शिकल्या त्या सही. कंदील, पाटी, रात्री आठचा वर्ग, सगळं आठवतं त्यांना. पण त्यांची सही म्हणजे लिहिणं नाही, चित्र आहे. पाच अक्षरांचं पाठ केलेलं चित्र. पाटलाचा नांगर होता तसं. फरक एवढाच की नांगर बघून पुढचा माणूस ओळखायचा की याला वाचता येत नाही, सांभाळून घ्यायचा किंवा फसवायचा. सही बघून कागद म्हणतो, 'वाचून, समजून, राजीखुशीनं सही केली.' म्हणजे अर्धी साक्षरता कधी कधी निरक्षरतेपेक्षा महाग पडते. मायक्रोफायनान्सच्या गटात दहा बायका एकमेकींना जामीन राहतात तेव्हा हे फार जाणवतं. सही सगळ्यांची असते, अट एकीनंही वाचलेली नसते.

याच मावशींचा फॉर्म अडला तो नावामुळं. आपलं सोलापूर चार भाषांचं. घरी तेलुगू, बाजारात कन्नड, शेजारी उर्दू, कचेरीत मराठी. समजा एखादीचं घरचं नाव नरसम्मा. रेशनकार्डवाल्यानं लिहिलं नरसाबाई. कारखान्यातल्या दिवाणजीनं कन्नड वळणानं लिहिलं नरसव्वा. आधारवर इंग्रजीत आणखी तिसरंच काहीतरी, आणि त्याचं मराठी परत यंत्रानं केलेलं. बाई एक, कागद चार, नावं चार. ज्याला आपलं नाव लिहिता येत नाही त्याचं नाव दुसरे लिहितात, आणि दुसऱ्यांनी ते आपापल्या कानानं लिहिलेलं असतं. निम्म्या सोलापूरच्या पीएफ-पेन्शनच्या भानगडी या एका गोष्टीत आहेत. लक्ष्मी-विष्णू, एनजी गिरण्या बंद पडल्यावर कामगारांची देणी मागताना हेच झालं होतं, मी बातम्या केल्यात त्याच्या.

भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर परितेवाडीची आठवण काढायला पाहिजे. माढा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. २०२० ला रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांत वाटली. गाजलं ते क्यूआर कोडमुळं. मला जास्त मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. त्यांनी पुस्तकातला मजकूर पोरांच्या घरच्या भाषेत, कन्नडमध्ये नेला. आमच्या पालिकेच्या शाळांत मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशी चारही माध्यमं आहेत याचा आपण अभिमान सांगतो, पण त्यातल्या किती शाळांचा पट उरलाय ते कुणी विचारत नाही.

आकडा एकदाच सांगतो, कारण नवी जनगणना रखडल्यामुळं हातात २०११ चाच आहे. सात वर्षांवरचा जो माणूस कुठल्याही एका भाषेत समजून वाचू-लिहू शकतो तो साक्षर. राज्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के, सोलापूर जिल्ह्याची सुमारे ७७. पुरुष ८५ च्या आसपास, बायका ६८-६९. म्हणजे शंभरातल्या एकतीस-बत्तीस बायका अक्षराबाहेर. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने असलेला जिल्हा हा. उसाच्या काट्याची पावती, तोडणी मजुराची उचल, मुकादमाची वही, सगळा कारभार कागदावर, आणि कोयता धरणाऱ्या बाईच्या हातात त्यातलं एक चिटोरंही वाचता येण्यासारखं नाही.

आता अंगठा परत आलाय बघा. रेशन दुकानातल्या मशीनवर शिकलेला-अडाणी सगळ्यांनीच अंगठा ठेवायचा. आमच्या लहानपणी 'अंगठेबहाद्दर' ही शिवी होती, आज तोच अंगठा सरकारी ओळख झालाय. यात समानता दिसते, पण जन्मभर कात्री आणि तंबाखू हाताळलेल्या बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन म्हणतं, ही तू नव्हेस. अंगठा नाही लागला तर ओटीपी. ओटीपी वाचायला पुन्हा अक्षर पाहिजे, निदान आकडा पाहिजे. २०२४ च्या पावसाळ्यात लाडक्या बहिणीचे फॉर्म भरायला सेतू आणि ई-सेवा केंद्रांपुढं ज्या रांगा लागल्या त्या मी बघितल्या. हातात मोबाइल, पण तो काउंटरवरच्या पोराकडं दिलेला, आणि पासवर्डही त्यालाच माहीत. ते पोरगं प्रामाणिक असेल तर ठीक. कुलकर्णी गेला, सावकाराचा कारकून गेला, आता हे पोरगं.

शिकलेल्यांनी फार हुरळून जायचं कारण नाही, हेही सांगतो. १९५० नंतर मोडी लिपी शाळेतून गेली. बाळबोध छपाईला सोयीची, म्हणून ठीकच झालं. पण त्यामुळं एका पिढीत अख्खा महाराष्ट्र आपल्याच आजोबांच्या कागदापुढं निरक्षर झाला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना काय भाव आला ते आपण पाहिलं. एमए, पीएचडी झालेली माणसं फडक्यात बांधलेला कागद घेऊन मोडीवाल्याच्या दारात उभी. 'यात काय लिहिलंय ते वाचून दाखवा की.' १८७९ च्या शेतकऱ्याला काय वाटत असेल, ते त्या दिवसांत बऱ्याच जणांना कळलं असावं.

सध्या काय चालू आहे ते सांगून आवरतो. केंद्राचा 'उल्लास' म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७. पंधरा वर्षांवरच्या कुणालाही नाव नोंदवता येतं, तुमच्या जवळच्या शाळेत. १७ मार्च २०२४ ला राज्यात पहिली परीक्षा झाली. दीडशे गुणांची, वाचन पन्नास, लेखन पन्नास, आकडेमोड पन्नास. सुरुवातीला निरक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला होता, शिकवण्याशिवायची कामं किती करायची म्हणून. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. पण त्या भांडणात नुकसान झालं ते रात्री आठला पाटी घेऊन बसायची तयारी असलेल्या बाईचं. माझं एकच म्हणणं आहे. परीक्षेत गोष्टीतला उतारा वाचायला देता, त्याऐवजी विडीचं कार्ड द्या, बँकेचं पासबुक द्या, बचत गटाचा करारनामा द्या, उसाच्या काट्याची पावती द्या. ते वाचता आलं तर पास. गुणपत्रिका नंतर द्या सावकाश.

मावशींचं नाव यंदा नोंदवलंय. त्यांची अट एक, वर्ग दुपारी पाहिजे, संध्याकाळी विड्या मोजून द्यायच्या असतात. शिकवायला आमच्याच गल्लीतली बारावीची पोरगी तयार झालीय. तेलुगू येतं तिला, त्यामुळं अडचण नाही.

आणि तुमच्याकडं एक काम. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांची खतं असतील तर काढा. शेवटचं पान बघा, निशाणी काय आहे ते. नांगर, अंगठा, की 'दस्तुरखुद्द' सही. फोटो टाका खाली, गट नंबर आणि नावं झाकून. मोडी असेल तर सांगा, शहरात वाचणारे दोघं-तिघं माझ्या ओळखीचे आहेत, गाठ घालून देतो.